प्रकल्प नोंदी: लोड सेलचा ब्रेक आणि मोन्झाचं पहिलं वळण

१५ फेब्रुवारी २०२५, शनिवार

काम काय ते आधी मांडून ठेवतो: घरच्या रेसिंग गेममध्ये ब्रेक लावताना चाक जाम होऊ द्यायचं नाही. गेम म्हणजे असेटो कोर्सा हा कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर, गाडी टाटूस कंपनीची छोटी फॉर्म्युला, ट्रॅक इटलीतला मोन्झा, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) बंद. फॉर्म्युला वनमध्ये १९९४ पासून एबीएसला नियमानेच बंदी आहे, आणि या छोट्या गाड्यांतही तो नसतो. त्यामुळे मेनूत सोय असली तरी ती वापरायची नाही, हे ठरलेलं.

अडचण पहिल्याच वळणाची. मुख्य सरळ पट्टा संपतो तिथे रेटिफिलोची शिकेन, म्हणजे लागोपाठ दोन उलटसुलट वळणं आहेत: आधी उजवं, लगेच डावं. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास आलेली गाडी तिथे ७० वर आणायची. कमी दाबलं की वळण हुकतं. जास्त दाबलं की पुढचं चाक फिरायचं थांबतं, टायर किंचाळतो, स्टिअरिंग हातात पोकळ लागतं आणि गाडी सरळच्या सरळ निघून जाते.

जरा हिशोब केला. टायर १.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.३ पट) एवढी पकड देतो असं धरलं तर २०० वरून ७० वर यायला सुमारे १०६ मीटर लागतात. चाकं जाम होऊन पकड १.१ जी वर उतरली तर १२५. म्हणजे चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढा फरक, आणि वर गाडी वळतही नाही ते वेगळंच.

रबराचा स्वभावच असा आहे की रस्त्यावर किंचित घसरत असतानाच ते सगळ्यात घट्ट धरतं. कोरड्या रस्त्यावर चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के कमी असतो तेव्हा पकड शिखरावर असते. त्याच्या अलीकडे थांबलो तर ब्रेक वाया गेला. पलीकडे गेलो तर पकड कमी होते, ब्रेकचा जोर मात्र तोच राहतो, त्यामुळे चाक निमिषात थांबतं. या अरुंद पट्टीत पाय ठेवायचा आहे, आणि सध्याच्या पेडलला ती पट्टी कळतच नाही अशी माझी शंका आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

पेडल उघडलं. आत स्प्रिंग आणि एक पोटेन्शिओमीटर, हालचाल मोजणारा सेन्सर. म्हणजे पाय किती खाली गेला हे मोजलं जातं, किती जोराने दाबला हे नाही. खऱ्या गाडीत पॅड डिस्कला टेकले की पेडल फारसं हलत नाही. पुढचं सगळं काम जोराचं असतं, आणि पायाच्या स्नायूंना जोर चांगला लक्षात राहतो. पाच सेंटिमीटरमधले साडेतीन की पावणेचार, हे पायाला कुठून कळणार?

पोटेन्शिओमीटर काढून टाकायचा आणि लोड सेल, म्हणजे वजनकाट्यात असतो तो जोर मोजणारा सेन्सर, बसवायचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी इंदूरच्या सियागंज बाजारात. इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणाऱ्या दुकानात एस आकाराचा २०० किलोचा लोड सेल मागितला. दुकानदाराने विचारलं, "भिया, तौलना क्या है?" मी म्हटलं, पाय. त्याने दुसरं काही विचारलं नाही. इंदूरमध्ये गिऱ्हाईक काय करतंय याचं कोणाला फार नवल वाटत नाही.

२०० किलोचाच का? पायाची पट्टी बिजागरीपासून २१ सेंटिमीटरवर आणि सेल ओढणारा दांडा ७ सेंटिमीटरवर, म्हणजे जोर तिप्पट होतो. पायाने ३५ किलो लावले की सेलवर १०५. १०० किलोचा सेल लगेच मर्यादेबाहेर गेला असता. खऱ्या फॉर्म्युला वन गाडीत ड्रायव्हर १०० किलोच्या वर जोर लावतात, पण त्यांची सीट गाडीत पक्की बसलेली असते आणि माझी खुर्ची चाकांची आहे.

तिथून जेल रोड. सेलचा बारीक सिग्नल वाचून आकड्यात बदलणाऱ्या एचएक्स७११ चिपचं मॉड्यूल, आणि ते आकडे कॉम्प्युटरला पाठवायला आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड. लिओनार्डोच हवा, कारण त्याच्या चिपमध्ये यूएसबी अंगचीच आहे आणि कॉम्प्युटर त्याला थेट जॉयस्टिक म्हणून ओळखतो. आर्डुइनोच्याच साध्या उनो बोर्डाला ते सरळपणे जमत नाही.

१ मार्च, शनिवार

खराद मशिनवाल्याकडून दांडा आणि दोन जाड पट्ट्या करून आणल्या. स्प्रिंगच्या जागी रबर लागणार. मोटरसायकलच्या मागच्या चाकात चेनच्या चक्राला बसणारे रबर आधी लावून पाहिले. फार मऊ, पाय खाली जातच राहतो. मग पीयूचे (पॉलियुरेथेन या कडक रबरासारख्या प्लास्टिकचे) बुश आणले. आता वर एक मऊ तुकडा आणि खाली दोन कडक. पहिला सेंटिमीटरभर पेडल हलतं, नंतर भिंत लागते. हेच हवं होतं.

खुर्ची मागे पळते, हा प्रश्न उरला. भंगारातून मारुती व्हॅनची सीट मिळाली, ती आणि पेडल एकाच लोखंडी चौकटीवर बसवले. आई दारात उभी राहून बघत होती. "हे काय करून राहिला आहेस? दिवाणखान्यात गाडीची सीट?" तिला म्हटलं, बसून तर बघ. बसली, आणि आता दुपारचा पेपर तिथेच वाचते.

२ मार्च, रविवार

आजचा दिवस एका पिनेचा.

जोडणी झाली, आकडे येऊ लागले, पण पेडल दाबलं की पडद्यावरचा ब्रेक पायऱ्या पायऱ्यांनी चढत होता. आधी कोडवर संशय घेतला. शेवटी चिपची माहितीपुस्तिका काढली. एचएक्स७११ दोन गतींवर चालतो: सेकंदाला १० वाचनं किंवा ८०. कोणती, ते १५ नंबरची पिन ठरवते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मॉड्यूलवर ही पिन ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे १०. धान्य तोलायला तेवढं पुरतं. तिथे आकडा स्थिर हवा असतो, चपळ नको.

इथे मात्र हिशोब वेगळा. २०० च्या वेगाने गाडी सेकंदाला ५५.५ मीटर जाते. दोन वाचनांमध्ये एक दशांश सेकंद, म्हणजे साडेपाच मीटर. तेवढ्या अंतरात पाय काय करतोय याचा गेमला पत्ताच नाही. आणि चाक जाम व्हायला त्याच्या निम्मा वेळही पुरतो.

पिन बारीक चिमट्याने उचलली आणि शेजारच्या १६ नंबरला, म्हणजे वीजपुरवठ्याला, टाकली. आता ८० वाचनं, दोहोंमध्ये ७० सेंटिमीटर. पायऱ्या गेल्या. सेल पूर्ण २०० किलोला जेमतेम १० मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे तार जाळीवाली वापरली आणि पॉवर सप्लायपासून लांब नेली. थोडी थरथर राहिली ती तीन वाचनांच्या मधल्या आकड्याने जाते.

गेममध्ये ब्रेक गॅमा १ वर आणला. ही सेटिंग पेडलच्या आकड्याला घातांक लावते: गॅमा २ असेल तर अर्धं दाबल्यावर ब्रेक पाव लागतो. हलणाऱ्या पेडलला ती उसनी मदत ठीक होती, आता नको. जेवढा जोर तेवढा ब्रेक.

९ मार्च, रविवार

आठवडाभर चालवून पाहिलं. ब्रेक जिथे दाबतो तिथे आता फरक दिसतो, पहिला धक्का जवळजवळ दर वेळी सारखाच बसतो. चाक मात्र अजून जाम होतंय. पेडल बदलून पाय बदलत नाही, हे भाच्याने तोंडावर सांगितलं. तो इथेच इंजिनिअरिंगला आहे, बाजा या विद्यार्थ्यांनी बग्गी बनवून उतरायच्या स्पर्धेत त्याच्या कॉलेजचा संघ असतो, आणि त्यांच्या बग्गीचे ब्रेक त्याच्याकडे असतात.

त्याच्याकडूनच आज एक मजेशीर गोष्ट कळली. "मामा, आमच्याकडे उलटं असतं. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं जाम झाली तर पास, नाही झाली तर गाडी परत." नीट पाहिलं तर त्यात तथ्य आहे. चाक जाम होतं याचा अर्थ ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा मोठा आहे. जो ब्रेक चाक थांबवूच शकत नाही तो टायरची सगळी पकड कधीच वापरू शकणार नाही. आधी एवढी ताकद दाखवा, मग ती आवरा.

इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र आहे, तिथे ही स्पर्धा भरत आली आहे. इथल्या लोकांना नॅट्रॅक्स म्हटलं की ११.३ किलोमीटरचा तो लंबगोल हायस्पीड ट्रॅक आठवतो, २०२१ मध्ये सुरू झाला तो. मला त्यांचा ब्रेकचा ट्रॅक जास्त आवडतो: शेजारी शेजारी वेगवेगळ्या पकडीचे पृष्ठभाग, डावी चाकं गुळगुळीत भागावर आणि उजवी खरखरीत भागावर ठेवून एबीएस तपासता येतो. एबीएस तिथे जे करतो, म्हणजे प्रत्येक चाकाचा वेग बघून दाब सोडणं आणि परत धरणं, ते मला पायाने करायचं आहे. फरक एवढाच की त्याला चार चाकांचे चार सेन्सर आहेत आणि मला एक पाय. शिवाय तो चारही चाकांना वेगवेगळा दाब देऊ शकतो. माझं पेडल एकच.

तेव्हा सेन्सर बनवायचे.

१५ मार्च, शनिवार

असेटो कोर्सा स्वतःची सगळी माहिती शेअर्ड मेमरीत, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामलाही वाचता येईल अशा जागी, लिहीत राहतो: गाडीचा वेग, प्रत्येक चाकाचा फिरण्याचा वेग, टायरची त्रिज्या. पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. चाकाचा फिरण्याचा वेग गुणिले त्रिज्या, भागिले गाडीचा वेग, हे एकातून वजा केलं की घसरण मिळते. ० म्हणजे चाक मोकळं फिरतंय, १ म्हणजे साफ जाम. ताशी १५ किलोमीटरच्या खाली भागाकार वेडावाकडा येतो, तो भाग सोडून दिला.

मग त्या आकड्याला आवाज दिला. घसरण ८ टक्क्यांवर गेली की हेडफोनमध्ये बारीक सूर सुरू, १५ च्या पुढे तो कर्कश. डाव्या चाकांचा डाव्या कानात, उजव्यांचा उजव्या. पुढच्या चाकांचा उंच, मागच्यांचा खालचा.

गेमचा टायरचा आवाज आहेच, पण तो ऐकू येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. हा सूर शिखराच्या आधीच बोलतो.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. रंग अजून नखांतून गेलेला नाही, स्टिअरिंगला हात लावायची घरातून मनाई.

२३ मार्च, रविवार

आलेख काढले आणि हा प्रकल्प कशाबद्दल आहे ते आज समजलं.

ब्रेक आणि चारही चाकांची घसरण एकाखाली एक लावली, वरती वेग. मला वाटत होतं चाक पहिल्या लाथेला जाम होतं. तसं जवळजवळ कधीच होत नाही. २०० वर पूर्ण जोर लावला तरी सूर नुसता गुणगुणतो. कर्कश होतो तो नंतर, वेग १२० च्या खाली आल्यावर. ब्रेकची रेघ तोपर्यंत सपाट, टेबलासारखी. पाय जिथे होता तिथेच, आणि त्याच्याखालून पकड निघून चाललेली.

कारण हवा. गाडीचे पंख तिला खाली दाबतात आणि तो दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. समजा गाडी आणि ड्रायव्हर मिळून ५५० किलो, आणि २०० च्या वेगाला हवेचा दाब २०० किलो. टायरवर एकूण ७५०. वेग १०० वर आला की हवेचा दाब निम्मा नाही, चतुर्थांश होतो: ५० किलो. एकूण ६००. म्हणजे २०० वर जो जोर अगदी बरोबर होता तो १०० वर सव्वापट जास्त आहे. पायाने काहीही केलेलं नाही आणि तरी चाक जाम.

तेव्हा दाबण्याचा प्रश्न लोड सेलने सोडवला, उरलं ते सोडणं. पेडल एका दमात भरायचं आणि वेग उतरेल तसं लगेच सोडायला लागायचं. पतंगाला ढील देतात तसं: मांजा हातातच, पण सरकता.

दुसरी गोष्ट कानांनी सांगितली. रेटिफिलोला वळायला सुरुवात करतो तेव्हा उजवा कान ओरडतो. रोजियाच्या शिकेनला, जिथे पहिलं वळण डावं आहे, तिथे डावा. वळताना वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि तेच आधी थांबतं. शिवाय टायरला वळायलाही पकड लागते, आणि वळण्यावर खर्च झालेली पकड ब्रेकला मिळत नाही. स्टिअरिंग जेवढं फिरलं तेवढा पाय उचललेला हवा. पाय अजिबात काढूनही चालत नाही, कारण मग पुढचा भाग हलका होतो आणि गाडी वळायला कुरकुरते. वळणाच्या पोटापर्यंत थोडासा ब्रेक ओढत नेणं, एवढंच ते ट्रेल ब्रेकिंग.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी, श्रीखंड, मग दुपारी भाचा आला. वाद घालायलाच आला होता.

त्याचं म्हणणं: गाडीच्या सेटअपमध्ये ब्रेकची एकूण ताकद कमी करता येते. ती इतकी कमी कर की पूर्ण दाबलं तरी २०० वर चाक थांबणार नाही. मग पहिली लाथ बिनधास्त मार. मी म्हटलं, आणि तुमच्या चाचणीचं काय? तो हसला. "ती चाचणी गाडीची असते मामा, तुझ्या पायाची नाही."

दोन्ही करून पाहिलं. ताकद फार उतरवली की वाऱ्याचा दाब पूर्ण असतानाची पकड वाया जाते, आणि पाय आळशी होतो. आता अशी ठेवली आहे की २०० वर साधारण ९० टक्के दाबाला शिखर येतं. वर दहा टक्के धोका शिल्लक, तेवढा हवाच.

मागच्या चाकांचं प्रकरण त्यानेच पकडलं. दोन गिअर घाईने खाली टाकले की खालचा सूर येत होता. इंजिन मागच्या चाकांना धरून ठेवतं, आणि ब्रेक लावल्यावर वजन पुढे गेल्यामुळे ती आधीच हलकी झालेली असतात. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ जाते. मागची झाली तर फिरते, आणि फिरली की फेरी गेली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं ब्रेकचं वाटप दोन टक्के पुढे सरकवलं, आणि दुसरा गिअर वेग आणखी उतरल्यावरच टाकायचा असं ठरवलं. खालचा सूर गेला. दोन टक्क्यांमुळे पुढच्या चाकांवरचा बोजा वाढला, तो पायाने सांभाळायचा.

६ एप्रिल, रविवार

आज सूर बंद करून चालवलं. सुरुवातीला वाईट, मग बरं. गंमत म्हणजे कान मोकळे झाल्यावर स्टिअरिंग ऐकू येऊ लागलं. पुढचं चाक शिखराजवळ येतं तेव्हा स्टिअरिंगचं वजन आधी थोडं ढिलं पडतं, टायर किंचाळण्याच्या आधी. हे इतके दिवस तिथेच होतं.

एका फेरीत रेटिफिलोला जोरात जाम झालं आणि पुढे प्रत्येक सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग थरथरत राहिलं. टायर एका जागी घासून सपाट झाला होता; हा गेम ते मोजतो. भाच्याला २००५ ची युरोपियन ग्रां प्री सांगितली, नुर्बुर्गरिंगची. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला परवानगी नव्हती. किमी रायकोनेन आघाडीवर असताना त्याचं पुढचं उजवं चाक जाम झालं, टायर सपाट पडला, आणि त्याच थरथरीने शेवटच्या फेरीत पुढचं सस्पेन्शन मोडलं. शर्यत अलोन्सोने जिंकली. भाचा तेव्हा जन्मलाही नव्हता; व्हिडिओ शोधून तीनदा पाहिला.

१२ एप्रिल, शनिवार

ऊन वाढलंय. दुपारी खोलीत पीयूचे बुश मऊ पडतात आणि पेडल थोडं जास्त खाली जातं. आकड्यांवर मात्र काही परिणाम नाही, कारण सेल जोर मोजतो, अंतर नाही. पोटेन्शिओमीटर असता तर दर दुपारी नव्याने जुळवत बसावं लागलं असतं.

आलेख आता टेबलासारखा राहिलेला नाही. उभी चढण, मग उतरती रेघ, वळणाजवळ लांब शेपूट. रोजियाला शेपूट अजून तुटकं आहे. तिथे पाय एकदम उचलला जातो.

बाकी कामं: लिओनार्डो सुरू होताना त्या क्षणीचा आकडा शून्य धरतो, त्या वेळी पेडलवर पाय असेल तर सगळं उलटं बसतं. शून्य कायमचं मेमरीत लिहून ठेवायचं आणि बदलायला वेगळं बटण द्यायचं. सर्किटला डबी नाही, प्लास्टिकचा जुना टिफिन कापून करणार. भाच्याला त्याच्या बग्गीच्या पेडलखाली हाच सेल लावून खऱ्या चाचणीत किती किलो लागतात ते मोजायचंय, त्यासाठी दुसरा सेल सोमवारी सियागंजमधून आणायचा.